शैला, तुझा पत्रा आम्ही छापला

शैला,

तुझ्या फोटोला हार घालायचा की नाही, यावर तुझ्या अंत्यविधीच्या दिवशी आमच्यात बरीच चर्चा झाली. तुझा अविनाश म्हणाला, "ईरा म्हणेल तसं." ईरानं मला विचारलं, "आईला हार आवडायचा का?" मला माहीत नव्हतं. जिवंत माणसाला ही आवड विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. तेवढ्यात मराठी मंडळाचे अध्यक्ष हार घेऊनच आले. त्याला एक रुंद जांभळी रिबीन होती आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत मंडळाचं नाव होतं. त्याखालचं तुझं बारीक नाव वाचायला मला पर्समधून चष्मा काढावा लागला. मी हार राहू दिला आणि रिबीन सोडवून घेतली. ती अजून माझ्या पर्समध्ये आहे. हे ऐकून खुदकन हसेल अशी दुसरी बाई मला या डच गावात, अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये अजून तरी सापडलेली नाही.

तू कुठे जन्मलीस, काय शिकलीस, कधी या देशात आलीस, हे सगळं तिथे वाचून दाखवण्यात आलं. वाचणाऱ्यानं तुला 'सदैव हसतमुख' म्हटलं. मी अविनाशकडे पाहिलं, अविनाशनं बुटांकडे पाहिलं. तू हसतमुख नव्हतीस गं. तुझं तोंड बहुतेक वेळा बाहेरगावी गेलेल्यांच्या घरासारखं बंद असायचं. ते उघडायचं ते एखाद्या चित्रापुढे, आणि मग मिटवता मिटायचं नाही.

मला तुला एक बातमी द्यायची आहे. ऐकून तू भडकशील. म्हणून जरा मागून सुरुवात करते.

तू मला पहिल्यांदा त्या संग्रहालयात नेलंस तेव्हा मी कुरकुरत आले होते. संग्रहालयांबद्दलचं माझं मत तुला ठाऊक होतं. नावाजलेल्या चित्राकडे पाठ करून माणसं रांगेनं उभी राहतात आणि स्वतःचे फोटो काढतात. चित्र बिचारं त्यांच्या खांद्यांवरून डोकावत असतं. तू म्हणालीस, "तिकडे जायचंच नाही आपल्याला. मागच्या बाजूला जायचंय." मागच्या बाजूला कागदावरच्या चित्रांची अभ्यासिका होती. आधी कळवून ठेवलं की तिथे जुनी छापचित्रं टेबलावर आणून देतात, काच नाही, दोरी नाही, पहारेकरी नाही.

"कोणालाही?" मी विचारलं.

"कोणालाही."

"मग तू काय कळवलंस? आपण कोण म्हणून?"

"शैला आणि वसुधा म्हणून."

"आणि तेवढं पुरलं त्यांना?"

"हो. त्यांनी एवढंच विचारलं, बरोबर पेन आहे का. पेन चालत नाही."

आपण हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. तिथल्या बाईंनी एक सपाट पेटी आणली, झाकण उघडलं आणि त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. माझा अजून विश्वास बसत नव्हता. साडेचारशे वर्षांहून जुना कागद समोर ठेवून ती बाई खुशाल आपलं काम करत होती. मी माझ्या शेजारणीकडे इडलीपात्रसुद्धा एवढ्या विश्वासानं दिलेलं नाही.

कागद साधारण जेवणाच्या ताटाएवढा. त्यावर डोंगर, डोंगरांच्या मधून खोल उतरलेली दरी, दरीतून वळणं घेत गेलेली नदी, नदीकाठी एक गाव, आणि अगदी लांब, जिथे नजर थकून थांबते तिथे, समुद्राची बारीक पट्टी. ज्या देशात चढ म्हणजे फक्त पूल, त्या देशात बसून मी तो डोंगर बघत होते. चित्रकार इथलाच, या सपाट मुलखाचा. तरुणपणी डोंगर ओलांडून इटलीला गेला, आणि परत येताना, तुझ्या शब्दांत, "ते सगळे गिळून आला." त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव सांगितलं की लोक चित्र बघायचं थांबतात, हे तुझंच म्हणणं.

मग तू माझ्या हातात भिंग दिलंस.

त्याआधी मला वाटत होतं, दरीतलं धुकं करड्या रंगाचं आहे. भिंगाखाली करडा रंग कुठेच नव्हता. होत्या फक्त काळ्या रेघा आणि त्यांच्यामधला पांढरा कागद. रेघ डोंगराच्या पायथ्याशी जाड, वर चढताना बारीक होत होत केसासारखी, आणि धुक्याशी पोचली की ती संपायचीच. पण अशी संपायची, की नेमकी कुठे ते सांगता येऊ नये. नदीचं पाणी म्हणजे आडव्या रेघा. गावाच्या छपरांवरचं ऊन म्हणजे न ओढलेल्या रेघा. कोणीतरी तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीनं एकेक ओळ खणली होती, शेतात नांगरानं तास घालावेत तशी, आणि त्या तासांमध्ये शाई भरून कागद दाबला होता. बस्स, एवढंच. एवढ्यातून धुकं निघालं होतं.

मी किती वेळ वाकून बसले कोण जाणे. तू कोपरानं ढोसलंस. "बोल काहीतरी. तू गप्प बसलीस की मला भीती वाटते."

मी म्हणाले, "बरं आहे."

तू इतकी हसलीस की त्या बाईंनी मान वर करून पाहिलं. मला खरं तर काय वाटलं होतं ते मी तुला त्या दिवशी सांगितलं नाही. पुढेही नाही. दिखाव्याला नावं ठेवण्यात माझी हयात गेली. खरोखरची मोठी गोष्ट समोर आली तेव्हा माझ्याकडे शब्दच नव्हता. आत्ताही नाही. पण त्या टेबलाशी मला माझं वजन कमी झाल्यासारखं वाटलं होतं, एवढं आज लिहून ठेवते.

चित्राच्या खालच्या पट्टीत चित्रकाराचं नाव होतं. प्रकाशकाचं नाव त्याहून ठसठशीत होतं. ज्यानं पत्रा कोरला, त्याचं नाव नव्हतंच. तिथून आपल्या भांडणाला सुरुवात झाली, आणि ते तू गेलीस तेव्हाही मिटलं नव्हतं.

माझं म्हणणं सोपं होतं. कल्पना चित्रकाराची, रेखाटन चित्रकाराचं. कोरणाऱ्यानं ते पत्र्यावर उतरवलं. नक्कल ती नक्कल. एकदा तुमच्याकडे सणाला जेवताना मी म्हणाले, "लग्नातल्या भांड्यांवर नाव घालून देणारा दुकानात बसलेला असतो ना, तसा हा. वाटी त्याची नाही, नावही त्याचं नाही."

तू म्हणालीस, "गणपतीच्या जेवणानंतर तुझी वाटी परत येते ती कोणामुळे?"

"नावामुळे."

"ते कोणी घातलंय?"

"अगं, पण मी सांगितलं म्हणून घातलंय!"

"सांगायला काय लागतं, वसू? तू अविनाशलाही कधीची सांगतेयस, वजन कमी कर."

अविनाश शेजारीच होता. "यात मला कशाला?" म्हणाला आणि त्यानं आणखी एक पुरणपोळी घेतली.

मग तू मला समजावून सांगितलंस. चित्रकारानं कागदावर नुसती पुसट शाई फिरवलेली असते, धुक्याच्या जागी ओला कुंचला ओढलेला असतो. तांब्यावर ओला कुंचला ओढता येत नाही. तिथे फक्त रेघ आहे. म्हणजे धुकं कसलं करायचं, हे कोरणाऱ्यानं ठरवलं. आणि सगळं उलटं बघत. कारण पत्रा कागदावर दाबला की चित्र आरशात दिसावं तसं उमटतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. बरेच कोरणारे मूळ रेखाटन होतं तसंच पत्र्यावर घेत, आणि छापल्यावर सगळं फिरे. म्हणूनच त्या चित्रातला घोडेस्वार डाव्या हातात चाबूक धरून होता, वाटसरूची काठी डाव्या हातात होती, आणि नदीकाठी लाकडं फोडणाराही डावखुरा होता.

"या मुलखात एकही उजवा माणूस नव्हता का?" मी विचारलं होतं.

"होता ना, मूळ रेखाटनात," तू म्हणालीस.

ते रेखाटन अजून शाबूत आहे, परदेशातल्या एका संग्रहालयात. मी लगेच फोन काढला, शोधू म्हटलं. तू माझा फोन पालथा घातलास. "फोनवर नको. कधीतरी जाऊ आपण दोघी." त्यानंतर दर उन्हाळ्यात आपण ठरवायचो. एकदा तुझ्या घरात नवीन स्वयंपाकघर बसत होतं, एकदा माझा गुडघा, एकदा नुसताच कंटाळा. गेलो नाही.

पुढे तू स्वतःच कोरायला लागलीस तेव्हा मी थट्टा केली. साठीला टेकलेल्या बायका इथे योगा शिकवतात किंवा डबे पुरवतात. तू दर शनिवारी ब्रेडा गावी जायचीस, हेंककडे. त्या म्हाताऱ्याच्या परसात एक शेड आहे, तिथे तो शिकायला येतील त्यांना तांब्यावर कोरायला शिकवतो. एकदा मी तुझ्याबरोबर आले होते. चामड्याच्या गोल उशीवर पत्रा ठेवलेला. उशीत वाळू. तुझ्या उजव्या हातात कोरणी, मूठ तळव्यात रुतवलेली. आणि मला वाटलं होतं तसा तुझा हात वळणावर वळत नव्हता. हात जागच्या जागी होता. डाव्या हातानं तू उशीवरचा पत्रा फिरवत होतीस, आणि रेघ वळत होती. कोरणीच्या टोकाशी तांब्याचा बारीक कीस वर येत होता, गुंडाळत होता.

"म्हणजे नदी वळली की तू वळत नाहीस?" मी विचारलं.

"छे. मी एका जागी. नदीला फिरवायचं."

हेंकला आपलं बोलणं कळत नव्हतं, पण त्यानं मान डोलावली. तो तुला 'शेला' म्हणायचा. मला म्हणाला, "शेला फार हट्टी आहे." मी म्हटलं, आम्हाला नवीन काहीतरी सांगा.

तू त्याच चित्राचा पत्रा कोरायला घेतला होतास. तो डोंगर, ती दरी. त्या कोरणाऱ्याच्या रेघांवरून, जशाच्या तशा. छापून बघायची कच्ची प्रतसुद्धा कोणाला काढू दिली नाहीस. मी विचारलं की म्हणायचीस, "झाला की बघ." मग तुझं दुखणं आलं, आणि हाताला कंप आला, आणि शनिवार बंद झाले.

तुझा पलंग हॉलमध्ये खिडकीशी लावला होता, तो बटणावर वरखाली होणारा. नर्स येऊन गेली होती. तू म्हणालीस, "वसू, पत्रा अर्धा आहे. अर्धा कोणाला दाखवायचा नाही."

"मग काय करू त्याचं?"

"ठेवून दे."

"कुठे?"

"पोळपाटाखाली. हलतो तुझा."

"शैला, नीट सांग."

"नीटच सांगतेय. पुरा असता तर दाखवला असता. अर्धा म्हणजे नुसती माझी हौस दिसेल. शब्द दे."

मी दिला. मरणाऱ्या माणसाला शब्द देणं हा प्रकार मला नाटकी वाटत आला आहे, पण तू नाटकी नव्हतीस आणि तुझी साय काढलेल्या दुधाची कॉफी गार होत होती, म्हणून दिला.

तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ईरा माझ्याकडे आली. इथल्या कायद्यात अंत्यविधीला फार दिवस थांबता येत नाही, आणि इथल्या रीतीप्रमाणे लोकांना हातात काहीतरी कार्ड द्यायचं असतं. नमुन्यांचं पुस्तक तिच्याजवळ होतं: मावळता सूर्य, पांढरी कबुतरं, समुद्रकाठची पावलं. "मावशी, हे सगळं आई नाहीये," ती म्हणाली. मग तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पत्रा काढला. "हे आई आहे. हे प्रिंट करू या. सगळ्यांना एकेक."

मी तिला तुला दिलेला शब्द सांगितला. तिनं पत्रा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "पण मला पाहिजे, मावशी. आयुष्यभर आईनं जे काही केलं ते आमच्यासाठी. डबे, होमवर्क, बाबांचे टॅक्स पेपर्स. हे एकच तिनं तिच्यासाठी केलं. आणि तेच कोणी बघायचं नाही?"

तिचं खरं होतं. पण शब्द तर मी दिला होता. म्हणून मी तोडगा काढला, आणि तेव्हा तो मला फार शहाणपणाचा वाटला. अर्धा दाखवायचा नाही ना? मग पुरा करून दाखवू. हेंकला सांगू. ईरा थकलेली होती. म्हणाली, "ओके मावशी. तू म्हणतेस तर."

आम्ही ब्रेडाला गेलो. हेंकनं पत्रा उजेडात तिरपा धरून बराच वेळ पाहिला. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात झाड यायचं होतं, ते नव्हतं. त्या जागी सुईनं ओढलेल्या पुसट खुणा होत्या. आभाळही मोकळं होतं. हेंक म्हणाला, झाड दोन दिवसांचं काम आहे, आभाळ एका दिवसाचं. तो तिच्याच पद्धतीनं कोरेल, कोणाच्या लक्षातही येणार नाही. जुन्या कारखान्यांत हे सर्रास चाले, एकाचा हात थांबला की दुसऱ्यानं पत्रा घ्यायचा. त्यात कोणाला काही वाटत नसे.

मला हायसं वाटलं. माझ्या बाजूचा साक्षीदारच मिळाला, नाही का? कोरणारा कोणीही असो, चित्र चित्रकाराचं. हेंकचं झाड काय, शैलाचं झाड काय.

"आधी कच्ची प्रत," हेंक म्हणाला. पत्र्यावरून काही कळत नाही, कागदावर उतरवल्याशिवाय पुढची रेघ ओढायची नाही, हा त्याचा नियम. त्यानं पत्र्यावर शाई चोपडली, जाळीदार फडक्यानं पुसली, मग उघड्या तळहातानं हलके हलके पुसली. ओलसर कागद वर ठेवला, घोंगडीसारखं जाड कापड वर घातलं, आणि चाकाच्या दांड्या धरून दाबयंत्राचा रूळ फिरवला. ईरानं कागदाचं टोक उचललं.

शैला, मी तुझा डोंगर पाहिला.

तीच दरी. तेच धुकं, आणि ते कुठे संपत होतं ते याही वेळी सांगता येत नव्हतं. नदी. छपरांवरचं ऊन. मी भिंग मागितलं, हेंकनं दिलं, आणि मी वाकले ती वाकलेच. वीस-पंचवीस वर्षं मी जिच्याशी भाजीच्या जुड्यांवरून आणि मंडळाच्या निवडणुकीवरून बोलत आले, तिच्या हातातून हे आलं होतं. तू माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मिरच्या चिरायचीस तो हात. मला त्या हाताची भीतीच वाटली. आदरानं वाटते तशी.

पहिल्यांदा हेंक बोलला. "इथे ती चुकली." त्यानं नदीवर बोट ठेवलं. संग्रहालयातल्या चित्रात नदी डावीकडे जाते. तुझी उजवीकडे गेली होती. "मी तिला तीनतीनदा सांगितलं, आरशात बघून उतरव. नाहीतर छापल्यावर उलटं येईल. 'हो, हो,' म्हणायची. शिकणारे सगळेच ही चूक करतात."

खरंच होतं. सगळं फिरलं होतं. घोडेस्वाराचा चाबूक उजव्या हातात. वाटसरूची काठी उजव्या हातात. लाकूडतोड्याची कुऱ्हाड उजव्या हातात.

ईरानं तोवर फोनवर ते मूळ रेखाटन शोधून काढलं होतं. तू मला कधी बघू दिलं नाहीस ते. तिनं फोन प्रतीशेजारी ठेवला. चित्रकाराच्या रेखाटनात नदी उजवीकडे जाते. सगळे उजव्या हाताचे. आणि आभाळ कोरं आहे. त्यानं ते कोरणाऱ्यावर सोडून दिलं होतं. कोरणाऱ्यानं ढग घातले. तू घातले नाहीस.

त्या अनामिकाच्या कोरीव कामात चित्र एकदा उलटं झालं होतं. तुझ्या पत्र्यानं ते पुन्हा उलटलं, म्हणजे सुलटं केलं. त्याच्या एकेका रेघेवरून पाऊल टाकत तू त्याच्याही मागे गेलीस, जिथून निघालं तिथे, त्या पहिल्या हाताच्या बाजूला.

"चूक आहे," हेंक म्हणाला, पण आता तेवढ्या खात्रीनं नाही.

"नाही," ईरा म्हणाली. "आई मुद्दाम करेल असंच आहे हे."

मला विचारशील तर मला अजून कळलेलं नाही. मुद्दाम केलं असशील, तर आयुष्यभर कोरणाऱ्याची बाजू घेऊन शेवटी तू गुपचूप माझ्या बाजूला, चित्रकाराकडे, निघाली होतीस. चुकून झालं असेल, तर एवढी सुंदर चूक मी पाहिलेली नाही. आणि ढग? घालायचे नव्हते, की पोचली नाहीस? हे विचारायला मी ब्रेडाहून परतताना सवयीनं फोन हातात घेतला होता.

पण तुला सांगायचं ते पुढेच आहे. हेंकनं पत्रा पुसून उशीवर ठेवला. कोरणी घासली, अंगठ्यानं धार पाहिली, दिवा जवळ ओढला. आधी तो तुझ्या त्या सुईच्या खुणा घोटून पुसणार होता, कारण झाडाचा बुंधा त्याच्या हिशेबानं जरा अलीकडे हवा होता. त्यानं खालच्या कोपऱ्यावर टोक टेकवलं आणि डाव्या हातानं पत्रा फिरवायला घेतला.

मी म्हणाले, "थांबा."

डचमध्ये म्हणायला हवं होतं. मराठीतच म्हणाले. तरी थांबला तो.

"काय झालं?" ईरानं विचारलं.

"त्या खुणा राहू देत."

"पण तूच म्हणालीस ना, मावशी, पुरं करू? तू तर नेहमी म्हणतेस, कोरणारा कोणीही चालतो!"

"म्हणत होते."

"मग?"

"मग काय, नाही चालत."

 हेंकनं ईराला विचारलं, या बाई काय म्हणतायत? तिनं डचमध्ये सांगितलं. तो मान हलवून म्हणाला, "शेलाची मैत्रीण पण हट्टी आहे."

असा तो वाद मी हरले, शैला. समोर तू नव्हतीस, आणि समोर जो होता त्याला असा काही वाद आहे हे माहीतही नव्हतं. हेंकचं झाड तुझ्यापेक्षा चांगलं झालं असतं, यात शंका नाही. पण त्या चार पुसट खुणांमध्ये तू पुढच्या शनिवारी काय करणार होतीस ते होतं. ते घोटून काढायला माझा जीव होईना.

तर ही बातमी. मी शब्द मोडला. पत्रा अर्धा होता आणि अर्धाच छापला. आम्ही दोन दिवस छापत होतो. हेंक शाई भरायचा, ईरा चाक फिरवायची, आणि शेवटचं तळहातानं पुसणं माझ्याकडे होतं. माझी पहिली काही पुसणी इतकी वाईट होती की हेंकनं डोळे मिटून घेतले. मग जमलं. तळवा तुझ्या डोंगरावरून जातो तेव्हा सपाटच लागतो, गुळगुळीत, तिथे काही आहे असं वाटतच नाही. आणि तरी शाई तिथून हलत नाही. प्रत्येक वेळी कागद उचलला की मी वाकून बघायची. दर वेळी धुकं तिथे होतंच. "मावशी, सगळे सेमच आहेत," ईरा म्हणायची. मला तसं अजिबात वाटत नव्हतं. मी हेंकला विचारलं, इतकं दाबून पत्रा झिजणार नाही ना? तो म्हणाला, "तुमचे ओळखीचे संपतील, तांबं संपणार नाही."

खालच्या पट्टीत काही लिहिलं नाही. चित्रकाराचं नाव नाही, तुझं नाही.

अंत्यविधीच्या दिवशी ईरानं दारात उभं राहून प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला. मी मागच्या रांगेत बसले होते. मनाशी ठरवलं होतं: लोक असल्या गोष्टी खुर्चीवर विसरून जातात, चहाच्या कपाखाली ठेवतात, गाडीत नेऊन हरवतात. सगळं आटोपलं की राहिलेले कागद मी गोळा करणार आणि घरी नेऊन गुंडाळून ठेवणार. तेवढा तरी तुला दिलेला शब्द राहील. मी त्यासाठी पुठ्ठ्याचं एक मोठं पाकीटही बरोबर आणलं होतं.

भाषणं झाली. अध्यक्ष बोलले, लांबले. कॉफी आणि केक झाला. अविनाश सगळ्यांशी हात मिळवत राहिला. माणसं हळूहळू निघाली, कोट घातले गेले, सायकलींची कुलुपं उघडली गेली. हॉल रिकामा झाल्यावर मी पाकीट घेऊन पहिल्या रांगेपासून निघाले. खुर्च्यांवर पाहिलं, खुर्च्यांखाली पाहिलं. कॉफीच्या टेबलांवर गेले. केकचे तुकडे होते, रुमाल होते, कोणाचा तरी एक हातमोजा होता. कप गोळा करणाऱ्या बाईंना विचारलं, इथे काही कागद राहिलेत का, चित्राचे?

"नाही," त्या म्हणाल्या. "एकही नाही."